एसीच्या आउटडोअर युनिटचे कव्हर: दिवाळी ते होळीपर्यंतच्या वापरानंतरचा अनुभव

नागपुरात दिवाळीनंतर बंद झालेला एसी साधारणपणे होळीच्या सुमारासच पुन्हा सुरू होतो. मधल्या काळात आउटडोअर युनिट गच्चीवर नुसते उभे असते आणि धूळ, पहाटेचे दव, कडुलिंबाचा पाला, एखाद्या वर्षी फेब्रुवारीतली गारपीट असे सगळे सोसत राहते. आमच्या गच्चीवर दीड टनाची दोन स्प्लिट युनिटे शेजारी शेजारी असल्यामुळे या हिवाळ्यात मुद्दाम दोन प्रकारची कव्हरे घेतली. एक वरपासून खालपर्यंत झाकणारे रेक्झिनचे, तर दुसरे फक्त वरचा पत्रा झाकणारे, पट्ट्यांनी बांधायचे. पूर्ण हंगाम वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, पूर्ण झाकणारे कव्हर घेऊच नये.

मुळात जे युनिट पावसाळा उघड्यावर काढते, त्याला हिवाळ्यात पाण्यापासून वाचवायचे ते काय? खरी काळजी आत कोंडणाऱ्या ओलाव्याची घ्यायला हवी. थंडीची लाट आली की येथे रात्रीचा पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी चांगले ऊन असते. युनिटच्या तळाशी साचलेल्या कचऱ्यातील ओल दुपारी वाफ होऊन वर चढते आणि रेक्झिनमधून बाहेर पडता न आल्याने रात्री आतल्या बाजूला पुन्हा पाणी होऊन बसते. जानेवारीत एका सकाळी कव्हर उचलले तेव्हा त्याच्या आतून बारीक थेंब ओघळत होते, कुबट वास येत होता आणि कॉइलच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांच्या जाळीच्या, तळाकडील ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर बोटाला लागेल अशी पांढरी भुकटी धरली होती. वायरिंगच्या झाकणामागे पालीने अंडी घातली होती, ही त्याहून गंभीर बाब. इन्व्हर्टर एसीचे सर्किट बोर्ड पालीमुळे शॉर्ट होऊ शकते आणि उबदार, अंधारी जागा मिळाली की उंदीरही वायरी कुरतडतात. शेजारच्या युनिटवर धुळीचा थर होता खरा, पण ते आतून कोरडे होते. धूळ पाण्याने जाते, गंज जात नाही.

वरच्या कव्हराची मर्यादाही सांगायला हवी. तिरप्या गारांपासून ते मागच्या कॉइलचे रक्षण करीत नाही. त्या पत्र्यांची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी, अंगठ्याने दाबल्या तरी वाकणाऱ्या. म्हणून मागच्या आणि बाजूच्या भागाला थोडे अंतर ठेवून अर्ध्या इंची छिद्रांची प्लॅस्टिक चढवलेली तारेची जाळी बांधली. फेब्रुवारीत गारा पडल्या तेव्हा तिचा उपयोग झाला, शिवाय पाला आणि कबुतरेही बाहेर राहिली.

मात्र कोणतेही कव्हर घालण्यापूर्वी युनिट धुऊन पूर्ण वाळवणे हे कव्हरापेक्षाही महत्त्वाचे आहे, असे मी आग्रहाने सांगेन. एमसीबी, म्हणजे एसीचा वीजपुरवठा तोडणारा स्विच, बंद करून काही मिनिटे थांबावे, कारण कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते. नंतर मऊ ब्रश पत्र्यांच्या उभ्या दिशेनेच फिरवावा, आडवा फिरवला की पत्र्या मुडपतात. पंखा हवा मागून आत ओढून पुढे फेकतो, त्यामुळे सगळी धूळ कॉइलच्या बाहेरच्या अंगाला चिकटते. बाहेरून जोरात पाणी मारल्यास ती आणखी आत जाते. शक्य असेल तर टेक्निशियनकडून वरचे झाकण काढून घ्यावे आणि विजेच्या भागांवर पाणी न उडवता आतून बाहेरच्या दिशेने साध्या पाइपने हलकी धार सोडावी. वाहने धुण्याचा प्रेशर पंप तर अजिबात वापरू नये. बोअरच्या खाऱ्या पाण्यापेक्षा नळाचे पाणी बरे, नाहीतर वाळल्यावर क्षार राहतात. तळाच्या पत्र्यातील निचऱ्याची छिद्रे काडीने मोकळी केली नाहीत, तर बाकीची मेहनत निम्मी वाया जाते.

एवढे करण्याचे कारण आपला उन्हाळा आहे. एसीची क्षमता प्रमाणित चाचणीत बाहेर 35 अंश तापमान धरून मोजतात, आणि नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. अशा हवेत उष्णता फेकताना कॉइलवर मातीचा थर असेल, तर नळ्यांतील वायूचा दाब वाढतो, कॉम्प्रेसर अधिक वीज ओढतो आणि ऐन दुपारी ट्रिप होतो.

कव्हर असेपर्यंत एमसीबी बंद ठेवून त्यावर चिठ्ठी चिकटवावी, कारण घरातील कोणीही सहज रिमोट दाबू शकते. थंडीत गरम हवेसाठी एसी वापरणाऱ्यांनी कव्हराच्या वाटेला जाऊच नये. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात खाऱ्या वाऱ्यामुळे कॉइल लवकर खराब होते, तेथे कव्हरापेक्षा अधूनमधून गोड्या पाण्याने धुण्यावर भर द्यावा.

आता वस्तूविषयी. वरच्या कव्हराचे कापड चांगले टिकले, शिवण कोठेही उसवली नाही. प्लॅस्टिकचे बकल मात्र उन्हाने ठिसूळ झाले आणि एका बाजूचे मार्चपूर्वीच तुटले, त्यामुळे तेथे सुताची दोरी बांधावी लागली. घेताना धातूची कडी असलेले कव्हर मिळाले, तर थोडे जास्त पैसे देऊन तेच घ्यावे.