ॲल्युमिनाची भुकटी : स्थिर दाब की धक्का?
सोलापुरातील यंत्रमागांसाठी सूत ज्यांतून सरकते अशा ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइड या कठीण सिरॅमिकच्या) कड्या बनवू पाहणारे एक स्नेही, भुकटी स्थिर दाबाने घट्ट करावी की स्फोटकाच्या धक्क्याने, या दोन पद्धतींमध्ये अडले आहेत.

साच्यात सुमारे १०० मेगापास्कल स्थिर दाब दिला की कण सरकून जवळ येतात, घनता भरीव ॲल्युमिनाच्या साधारण ५०-६० टक्क्यांवर पोहोचते आणि उरलेली पोकळी १६०० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत भरते. मात्र एकाच बाजूने दाबल्यास भिंतीच्या घर्षणामुळे उंच नगाचा तळ सैल राहतो.

धक्क्यात काही गिगापास्कल (१ गिगापास्कल म्हणजे १००० मेगापास्कल) दाब मायक्रोसेकंदांत येऊन जातो, कण फुटतात, त्यांचे पृष्ठभाग घासून तापतात आणि घनता ९० टक्क्यांपलीकडे जाऊ शकते, पण मागोमाग येणारी ताणलहर (दाबण्याऐवजी ओढणारी लहर) ठिसूळ नगाला तडे पाडते. स्फोटकांचा परवाना वेगळाच.

आखूड कड्यांना निःसंशय स्थिर दाबच योग्य आहे. भट्टीत कण एकमेकांत मिसळून वाढू द्यायचेच नसतील, अशा संशोधनासाठी धक्का घ्यावा.