सिटीज स्कायलाइन्स : आठ महिने, एक नदी आणि अकरा लाइनी

सिटीज स्कायलाइन्स या शहर वसवायच्या कॉम्प्युटर गेममधल्या माझ्या शहरात, पुलाच्या अलीकडच्या थांब्यावर 312 माणसं उभी होती. बस आली ती 30 पैकी 30 भरलेली. दोघं उतरले, दोघं चढले, बस गेली. मागची बसही तशीच. मी त्या लाइनीवरच्या, म्हणजे बसमार्गावरच्या, गाड्या वाढवत होते आणि रांग काही हलत नव्हती. आबा पाणी प्यायला उठले होते, ते मागे येऊन थांबले. म्हणाले, "इतला लोके उभा शेतस, गाडी कोठे शे?"

आबांची सगळी नोकरी एसटीत गेली. आधी कंडक्टर, शेवटची वर्षं वाहतूक नियंत्रक. त्या रात्रीपासून हा गेम आमच्या घरात दोघांचा झाला, म्हणून हा अनुभवही दोघांचा आहे असंच समजा.

सिटीज स्कायलाइन्सचा पहिला भाग मार्च 2015 मध्ये आला. फिनलंडच्या कोलोसल ऑर्डरने तो बनवला. 2023 मध्ये दुसरा भाग आला, पण त्याला लागणारं ग्राफिक्स कार्ड माझ्या लॅपटॉपमध्ये नाही, त्यामुळे मी पहिल्यावरच आहे आणि त्यात खूश आहे. मूळ गेममध्ये बस, मेट्रो आणि रेल्वे मिळते. ट्राम हवी असेल तर 2016 चं स्नोफॉल हे वेगळं विकत मिळणारं जोड-पॅक घ्यावं लागतं. फेरी, मोनोरेल, रोपवे यांच्यासाठी 2017 चं मास ट्रान्झिट. मी सुरुवातीचे तीन महिने नुसत्या मूळ गेमवर काढले आणि नवीन माणसाला तेच सांगेन. बस आणि मेट्रो नीट जमली नाही तर मोनोरेल घेऊनही तीच गर्दी नुसती हवेत उचलली जाते.

नवीन शहर सुरू करताना डावीकडून वाहतुकीची खूण करायची असते. ती विसरू नका, नाहीतर आपल्या डोळ्यांना सगळे चौक उलटे दिसतात आणि थांबा कुठल्या हाताला टाकायचा यात गोंधळ होतो.

माझं शहर धुळ्यासारखं आहे. मधून नदी, उत्तरेला राहणारी वस्ती, तिला मी देवपूरच म्हणते. नदीच्या दक्षिणेला आग्रा रोडसारखी बाजारपेठ आणि तिच्या दोन्ही अंगांना नंबरी गल्ल्या. त्याच्याही खाली, अवधानसारखी, एमआयडीसी. म्हणजे सकाळी सगळं शहर उत्तरेकडून दक्षिणेला निघतं. मला वाटलं, एकच लांब लाइन टाकली की काम झालं. देवपूरच्या टोकापासून एमआयडीसीच्या गेटपर्यंत, 23 थांबे. ती 312 माणसांची रांग याच लाइनीवर चौथ्या थांब्यावर होती.

आबांनी भारमान विचारलं. एसटीत हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरला जातो : गाडी किती भरून गेली याचा हिशेब. गेममध्ये बसवर क्लिक केलं की आत किती माणसं आहेत ते दिसतं. आम्ही एकाच बसच्या मागे लागून ती पूर्ण फेरी बघितली. पहिल्या तीन थांब्यांवर ती भरली. बाजारात आली तेव्हा 22 जण उतरले. तिथून एमआयडीसीपर्यंत 8-10 डोकी घेऊन गेली, आणि परतीला तर जवळपास रिकामी. आबा म्हणाले, "धुळे-नाशिक गाडीत आर्वीचे पॅसेंजर भरले की मालेगावचा माणूस स्टँडवरच राहतो. आणि आर्वी सुटली की गाडी रिकामी पळते." मी गाड्या 14 वरून 20 केल्या होत्या, त्यातल्या निम्म्या त्या रिकाम्या टोकाला हवा वाहत होत्या.

आम्ही ती लाइन तोडली. देवपूर ते बाजार ही एक छोटी फेरी, बाजार ते एमआयडीसी दुसरी. तेवढ्याच 20 गाड्या, पण त्यातल्या 13 पुलावरच्या फेरीला दिल्या. गेममधल्या अर्ध्या-पाऊण महिन्यात चौथ्या थांब्यावरची रांग 40 वर आली. पुढे लोकसंख्या 50,000 च्या वर गेली तेव्हा नदीखालून मेट्रो नेली. मेट्रोच्या एका गाडीत 180 माणसं बसतात, म्हणजे सहा बसगाड्या. तेव्हापासून बसचं काम एकच : घरापासून मेट्रोपर्यंत सोडणं. आज माझ्या 11 लाइनींपैकी एकाही बसलाइनीला 9 पेक्षा जास्त थांबे नाहीत.

लाइन काढणं तसं सोपं आहे. थांबे एकामागून एक क्लिक करत जायचं आणि शेवटी पहिल्या थांब्यावर येऊन लाइन बंद करायची. गफलत इथेच होते. बहुतेक जण वस्तीभोवती मोठा गोल काढतात, एकाच दिशेचा. मग ज्याला मागच्या थांब्यावर जायचंय त्याला अख्खा गोल फिरावा लागतो, आणि गेममधली माणसं एवढी वेडी नाहीत, ती स्वतःची गाडी काढून निघतात. त्याच रस्त्याने जा, त्याच रस्त्याने या, दोन्ही हातांना समोरासमोर थांबे ठेवा.

समोरासमोर म्हणजे कुठे, याच्यावर मात्र माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. बाजारातल्या मेट्रो स्टेशनसमोर चौकात मी बस थांबा टाकला होता, रस्त्याच्या पलीकडे. गाडी बदलणारी शेकडो माणसं झेब्रा क्रॉसिंगवरून जायची आणि त्यांच्यासाठी चौक थांबून राहायचा. मागे बसच अडकायच्या, म्हणजे माझ्याच बसनी माझ्याच बस अडवल्या. उपाय साधा निघाला. थांबा चौकापासून थोडा मागे, स्टेशनच्याच बाजूला ओढला (थांबा माउसने धरून सरकवता येतो, लाइन पुसावी लागत नाही) आणि पलीकडच्या थांब्यासाठी पादचारी पूल बांधला. पायवाट आणि पादचारी पूल हे या गेममधलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित हत्यार आहे. इथली माणसं चालायला कंटाळत नाहीत, फक्त त्यांना वाट द्या.

रेल्वेचं कोडं आबांनी एका वाक्यात सोडवलं. शहराच्या मधोमध माझं एकच स्टेशन, तिथेच बाहेरगावच्या गाड्या आणि तिथेच माझी लोकल. बाहेरच्या गाड्या मोजकी माणसं घेऊन एकामागून एक येतात आणि रुळांवर रांग लावतात, लोकलला प्लॅटफॉर्मच मिळत नाही. आबा म्हणाले, "धुळ्याला मेन लाइन येते का? चाळीसगावला उतरावं लागतं ना?" खरंच की. शहराबाहेर दुसरं स्टेशन बांधलं, त्याचं नाव चाळीसगाव. आतल्या स्टेशनच्या पॅनेलमध्ये बाहेरगावच्या गाड्यांची परवानगी काढून टाकली. आता मोठ्या गाड्या चाळीसगावला थांबतात आणि तिथून आमची मेमू, म्हणजे माझी लोकल, वेगळ्या रुळांवरून शहरात येते.

मर्यादा आहेत. गाड्या बऱ्याचदा एकाच लेनला चिकटून राहतात, बाजूची लेन मोकळी असली तरी. त्यावर मॉड (खेळाडूंनीच बनवलेल्या जोडण्या) आहेत, पण ते घातले की मेमरी खूप लागते. 8 जीबीवर 60,000 लोकसंख्येनंतर माझा लॅपटॉप रेंगाळायला लागला, 16 केल्यावर बरा चालतो. एकाच लाइनीच्या बस पाठोपाठ जोडीजोडीनं येणं कमी होतं, पण पूर्ण थांबत नाही. आणि आबांची तक्रार कायम आहे की बस फक्त 30 माणसांची का. लालपरीत नुसते बसूनच चाळीसच्या वर जातात.

प्रत्येक लाइन दिवसा, रात्री किंवा दोन्ही वेळ चालवता येते. मी पैसे वाचवायला रात्रीच्या सगळ्या बंद केल्या होत्या. आबांनी एक उघडायला लावली, एमआयडीसी ते देवपूर, दोन गाड्या. तोट्यात चालते. दुसरी पाळी सुटलेली माणसं कशी घरी जातील, असं ते म्हणाले, आणि मी ती बंद केलेली नाही. काल रात्री बघितलं, शेवटच्या फेरीत 17 जण होते.