वॅग्नर की मिल्स : आधी कोणाला वाचायचं?

ब्रिटिश विज्ञानकथा-कॉमिक वाचायचं मनावर घेतलं की गाडी ‘२००० एडी’ या साप्ताहिकापाशी येते आणि दोन लेखक समोर उभे राहतात : जॉन वॅग्नर आणि पॅट मिल्स. दोघांचा जन्म १९४९चा. दोघांची उमेदवारी स्कॉटलंडमधल्या डंडीच्या डी. सी. थॉमसन या प्रकाशन कंपनीत झाली. १९७५मध्ये ‘बॅटल’ हे युद्धकथांचं साप्ताहिकही दोघांनी मिळून उभं केलं. तरी एक आवडला म्हणून दुसरा आवडेलच, असं नाही.

फेब्रुवारी १९७७मध्ये ‘२००० एडी’ निघालं ते मिल्सच्या संपादनाखाली. जज ड्रेड हे पात्र मात्र वॅग्नर आणि चित्रकार कार्लोस एझ्क्वेरा यांचं. गंमत म्हणजे दुसऱ्या अंकात ड्रेडची पहिली गोष्ट आली, ती या दोघांपैकी कोणाचीच नव्हती. व्यवहारावरून बिनसल्यामुळे वॅग्नर तेव्हा बाजूला झाले होते. थोड्याच आठवड्यांत ते परतले आणि मग पात्राची सूत्रं त्यांच्याकडेच राहिली.

वॅग्नर स्वतः गोष्टीत कुठे दिसत नाहीत. वाक्यं तोकडी, विनोद कोरडाठाक. ड्रेड हा पोलीस, न्यायाधीश आणि प्रसंगी जल्लादही. त्याचं कौतुक चाललंय की त्याच्यावर कोरडे ओढले जातायत, हे आपलं आपण ठरवायचं. शिवाय हा नायक खऱ्या काळाबरोबर म्हातारा होतो. १९७७ची गोष्ट २०९९ सालात घडते आणि पुढेही ते १२२ वर्षांचं अंतर तसंच राहतं. चाळीसहून जास्त वर्षं एकाच माणसाला थकताना पाहणं कॉमिकमध्ये क्वचितच मिळतं.

मिल्सचं उलट. ते पानापानावर हजर असतात आणि बहुतेक वेळा संतापलेले असतात. १९८०मध्ये सुरू झालेल्या ‘नेमेसिस द वॉरलॉक’मध्ये माणसं परग्रहवासीयांची कत्तल करतात, त्यांचा म्होरक्या टॉर्कमाडा धर्माच्या नावाने ती घडवतो आणि आपला नायक म्हणजे खुरांचा, शिंगाड्या राक्षस. केविन ओ’नील यांची चित्रं इतकी काटेरी की पान उलटताना बोटाला टोचतील. कल्पनांचा असा धबधबा वॅग्नरकडे नाही. पण मिल्सना आपला मुद्दा तीनदा सांगायची खोड आहे, हेही खरं. (विज्ञानकथेचा हट्ट नसेल तर त्यांची पहिल्या महायुद्धावरची ‘चार्लीज वॉर’ वाचा. मला ती नेमेसिसपेक्षाही वरची वाटते.)

ठरत नसेल तर जज ड्रेडच्या ‘कम्प्लीट केस फाइल्स’चा दुसरा खंड घ्या. त्यात १९७८ची ‘द कर्स्ड अर्थ’ आहे, मुख्यतः मिल्सची : किरणोत्सर्गाने उजाड झालेल्या अमेरिकेतून ड्रेड लस घेऊन निघतो, वाटेत डायनासोरही भेटतात. तिला लागूनच वॅग्नरची ‘द डे द लॉ डाइड’ येते. तिच्यातला माथेफिरू मुख्य न्यायाधीश एका माशाला आपला उपप्रमुख नेमतो. नायक तोच, साल जवळपास तेच. डायनासोर जास्त आवडले तर पुढे नेमेसिस, मासा आवडला तर वॅग्नर.

माझं मत विचाराल तर पहिले पैसे वॅग्नरवर घालवावेत, पण पहिल्या खंडावर नाही. तिथे पात्र अजून रांगतंय. १९९०ची ‘अमेरिका’ घ्यावी, चित्रं कॉलिन मॅकनील यांची. लोकशाही मागणारी एक तरुणी आणि तिच्यावर जीव जडलेला बालमित्र यांची ही गोष्ट. ड्रेड यात मोजक्याच पानांवर येतो, आणि तेवढ्यात त्याची भीती वाटायला लागते. आधीचं काही वाचलेलं नसलं तरी अडत नाही.

मिल्सकडे वळाल तेव्हा नेमेसिस मात्र आठवड्याला एक भाग अशाच बेताने वाचा. ती तशीच छापली जायची, आणि सलग वाचली तर डोकं भणभणतं.