महाभारतावरचे पहिले मराठी पुस्तक: 'मृत्युंजय' घ्यावे की 'युगान्त'?

महाभारताविषयी मराठीत काहीतरी वाचायचे आहे, असे म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा दोन नावे सुचवली जातात: शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' ही कादंबरी आणि इरावती कर्वे यांचा 'युगान्त' हा लेखसंग्रह. दोन्ही पुस्तके 1967 सालची आहेत, दोन्हींना आजही वाचक आहेत आणि दोन्हींत कर्ण आहे. परंतु हे दोन कर्ण समोरासमोर आले, तर एकमेकांना ओळखतील असे मला वाटत नाही. म्हणूनच एका पुस्तकाचा चाहता दुसऱ्याविषयी जे मत देतो, त्यावर निवड करणाऱ्याने फारशी भिस्त ठेवू नये.

मी एका लहानशा वाचनालयात आठवड्यातून दोन संध्याकाळी देवघेवीला बसतो. तेथील 'मृत्युंजय'ची प्रत आतापर्यंत दोनदा नव्याने बांधून घ्यावी लागली आहे. इंद्र ब्राह्मणाच्या वेषात कवचकुंडले मागायला येतो, त्या प्रसंगाच्या समासात तीन निरनिराळ्या हस्ताक्षरांत हळहळ व्यक्त झालेली आहे. 'युगान्त'ची प्रत त्या मानाने धडधाकट आहे. मात्र तिच्यातील कर्णावरच्या लेखाशेजारी कोणीतरी पेन्सिलीने 'अन्याय!' असे लिहिले आहे आणि त्याखाली दुसऱ्या कोणी निळ्या शाईने उत्तर दिले आहे, 'आधी सभापर्व वाचा.' वाचनालयाच्या पुस्तकांत लिहू नये हे खरेच. पण या दोन पुस्तकांविषयी वाचकांत जो वाद आहे, तो या दोन ओळींत पुरेपूर उतरला आहे.

'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, कर्णाचा भाऊ शोण आणि कृष्ण हे सहा जण आपापल्या तोंडून कथा सांगतात. सातशेहून अधिक पानांची ही कादंबरी लोक चार-पाच दिवसांत संपवून परत आणतात, याचे श्रेय या रचनेला द्यावे लागेल. कारण निवेदक बदलला की ठाऊक असलेल्या प्रसंगालाही नवी बाजू फुटते. कर्णाची बाजू घेणे हाच लेखकाचा हेतू असल्यामुळे त्याच्याविषयीच्या उणिवा येथे सौम्य होतात. कर्णाच्या पत्नीचे वृषाली हे नाव आज घरोघरी ठाऊक आहे, पण व्यासांच्या ग्रंथात ते शोधून सापडत नाही. कादंबरीकाराला एवढे स्वातंत्र्य असतेच, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती भाषेविषयी. सूर्य, तेज, गंगेचा घाट यांच्या उपमा इतक्या पुन्हा पुन्हा येतात की विशीत ज्या पानांनी भारावून जावे, तीच पाने चाळिशीत थोडी जड वाटू लागतात. 'दुसऱ्यांदा वाचली आणि पहिल्यासारखी वाटली नाही' हे वाक्य मी अनेकांकडून ऐकले आहे, आणि ते सांगताना प्रत्येकाचा सूर काहीसा अपराधी असतो.

'युगान्त'चा पायाच वेगळा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 साली पूर्ण झाली. देशभरातील हस्तलिखिते ताडून मागाहून घुसडलेले श्लोक वेगळे काढण्याचे ते काम होते आणि कर्वे यांनी याच पाठाचा आधार घेतला. द्रौपदीने स्वयंवरात 'सूतपुत्राला वरणार नाही' असे म्हणून कर्णाला नाकारले, हा कादंबऱ्यांचा आणि नाटकांचा लाडका प्रसंग त्या आवृत्तीच्या मुख्य पाठात नाही. उलट, भर सभेत पांडवांची आणि द्रौपदीचीही वस्त्रे काढून घे असे दुःशासनाला सांगणारा कर्ण तेथे आहे, आणि घोषयात्रेत, म्हणजे कौरव आपली गुरे पाहायला वनात गेले तेव्हा, गंधर्वांपुढून माघार घेणाराही आहे. निळ्या शाईच्या वाचकाला बहुधा हेच सुचवायचे असावे.

कर्वे मानववंशशास्त्रज्ञ होत्या, त्यामुळे कुळ, नाती, वारसा आणि जमिनीची ओढ या अंगांनी त्या माणसांकडे पाहतात. खांडववन जाळून कृष्णार्जुनांनी नेमके काय साधले, हा त्यांचा प्रश्न एकदा वाचला की त्यानंतर उभ्या राहिलेल्या पांडवांच्या मयसभेचे वैभव पूर्वीसारखे दिसत नाही. हे पुस्तक कोरडे आहे असा आक्षेप घेतला जातो, तो मला मान्य नाही. द्रौपदीचा शेवट रंगवताना भीमाशी तिचे जे बोलणे त्या लिहितात, ते आपल्या कल्पनेतले आहे हे लपवत नाहीत, आणि तरीही ते पान मनातून जात नाही. विदुर हाच धर्मराजाचा पिता असावा, हा त्यांचा तर्क मात्र मला अजूनही ओढूनताणून आणलेला वाटतो. हे पुस्तक 'मृत्युंजय'च्या निम्म्याहूनही लहान आहे, पण मूळ कथा ठाऊक असल्याचे ते गृहीत धरते. ज्याला शंतनूपासून परीक्षितापर्यंतची साखळी माहीत नाही, तो दुसऱ्या-तिसऱ्या लेखातच अडखळेल.

इतर पर्यायांविषयी थोडक्यात. रणजित देसाई यांची 'राधेय' ही आटोपशीर आहे. कर्ण हवा पण सातशे पाने नकोत, अशा वाचकाला ती मी निःशंकपणे देतो. दुर्गा भागवत यांचे 'व्यासपर्व' छोटे आणि अतिशय देखणे आहे, पण ते सावकाश, एका वेळी एकच प्रकरण असे वाचावे. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'ला मोठा मान आहे; 1974 साली मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळाले ते या कादंबरीसाठी. मात्र ती आदिपर्वातील, कौरव-पांडवांच्या पूर्वजाची कथा आहे, आणि कुरुक्षेत्राच्या अपेक्षेने ती नेणारे वाचक हमखास नाराज होऊन परत येतात.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासाठी विचारणा झाली, तर मी 'मृत्युंजय'च काढून देतो. त्या वयात एवढे जाडजूड मराठी पुस्तक संपवल्याचा अभिमान पुढे बराच उपयोगी पडतो. कथा पाठ असलेल्या आणि 'असे का घडले' या प्रश्नापाशी येऊन थांबलेल्या वाचकाला 'युगान्त'. परदेशात वाढलेल्या, देवनागरी अडखळत वाचणाऱ्या मुलांसाठी पालक विचारतात, तेव्हाही 'युगान्त'च. कारण त्याचे इंग्रजी रूप कर्वे यांनी स्वतःच लिहिले आहे. तरीही निर्णय होत नसेल, तर वाचनालयात तासभर बसून 'युगान्त'मधील कर्णावरचा लेख आणि 'मृत्युंजय'ची पहिली तीस पाने वाचावीत. जे पुस्तक फडताळात परत ठेवताना हात रेंगाळेल, त्याची नोंद कार्डावर करून घ्यावी.