एकाच प्लास्टिकचा पाऊच: सुकामेवा पॅक करणाऱ्यांनी घ्यावा का?

भाजलेले बदाम आणि काजू पॅक करून विकायचा माझा छोटा उद्योग आहे. आजवर माल नेहमीच्या चकचकीत तीनथरी पाऊचमधून जायचा: बाहेर पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक), मध्ये अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, आत पॉलिथिन. माल टिकण्याच्या दृष्टीनं त्याला तोड नाही. प्रश्न आहे तो पाऊच रिकामा झाल्यावरचा. हे थर इतके घट्ट चिकटवलेले असतात की सुटे करणं कुणालाच परवडत नाही. सगळं एकत्र वितळवावं, तर पॉलिथिन ११० अंशांच्या आसपास पातळ होतं आणि पीईटीला जवळपास २५० अंश लागतात. मग हा पाऊच जाळला तरी जातो, नाहीतर पुरला तरी जातो. आपण विकलेल्या वस्तूचं वेष्टण आपल्यानंतरही कित्येक वर्षं तसंच पडून राहणार, हे मला मनापासून खुपत होतं.

म्हणून पूर्ण पॉलिथिनचा पाऊच घेतला. बाहेरची फिल्म, आतली फिल्म, झिपर, सगळं पॉलिथिनच. फक्त हवा अडवायला मध्ये ईव्हीओएच या वेगळ्या प्लास्टिकचा अगदी पातळ थर असतो. पाऊचसारखं लवचीक पॅकेजिंग रीसायकल व्हावं म्हणून काम करणाऱ्या युरोपातल्या सीफ्लेक्स या गटाच्या मार्गदर्शिकेनुसार असा थर एकूण वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत असेल तर पाऊच पॉलिथिन म्हणून रीसायकल होण्यात अडचण येत नाही. पुरवठादाराकडून हा आकडा लेखी मागून घ्या. माझ्याकडे आलेल्या पहिल्या नमुन्याच्या पुढच्या बाजूला ‘रीसायकल होणारा’ असं ठळक छापलं होतं, पण थरांचा तपशील विचारला तर उत्तर मिळेना. तो नमुना मी परत पाठवला.

आता खरी कसोटी, ती म्हणजे सील. जुन्या पाऊचला बाहेरचं पीईटी उष्णता झेलत असे, त्यामुळे मशीनचा जॉ, म्हणजे पाऊच दाबून चिकटवणारा जबडा, चांगला तापवून झटक्यात दाबला तरी चालायचं. इथे बाहेरचा थरही पॉलिथिनच, म्हणजे आतला वितळायला लागला की बाहेरचाही मऊ होतो. पहिल्याच घाण्यात मशीनवरची मुलगी म्हणाली, ‘‘ताई, पाऊच जॉलाच चिकटून येतोय.’’ खरंच, सीलची पट्टी चुण्या पडून कडेला ताणली गेली होती. जॉवर टेफ्लॉनचं कापड लावलं, तापमान उतरवलं, दाबून धरायची वेळ थोडी वाढवली, तेव्हा कुठे पट्टी सपाट आली. तापमान जरा जास्त झालं तर फिल्म आक्रसते, जरा कमी पडलं तर सील बोटानं सोलून निघतं. मधली जागा फार अरुंद आहे. पट्टीवर बदामाचा भुगा राहिला तर तिथून हवा शिरते, हे जुन्या पाऊचमध्येही होतं, पण इथे ते लगेच जाणवतं. आम्ही घाण्यागणिक काही पाऊच पाण्याखाली दाबून बुडबुडे येतात का ते बघतो. काम आधीपेक्षा सावकाश होतं, हे मान्य करूनच यात पडावं.

टिकण्याबद्दल मी समाधानी आहे. सुकामेव्यातलं तेल हवेनं आणि उजेडानं खवट होतं. ईव्हीओएच हवा छान अडवतो, पण दमट झाला की त्याची ताकद घटते. बाहेरचं पॉलिथिन बाष्प अडवून त्याला सांभाळतं, तरी माल कोरड्या जागी ठेवणं भाग आहे. फॉइल गेल्यामुळे उजेडाचं काय, तर पांढऱ्या रंगाची फिल्म घेतली. काळी दिसायला भारदस्त, पण नेहमीच्या काळ्या रंगात कार्बन ब्लॅक (काजळीसारखी भुकटी) असतो आणि प्लास्टिक वेगळं करणाऱ्या इन्फ्रारेड यंत्रांना असं काळं प्लास्टिक ओळखता येत नाही. एवढी खटपट करून पाऊच शेवटी कचऱ्यातच जायचा असेल तर काय उपयोग! प्रत्येक घाण्यातले नमुने राखून ठेवून चाखते आहे. आमच्या छापील मुदतीपर्यंत चवीत फरक आढळला नाही. त्याहून लांब मुदत हवी असेल त्यांनी मात्र ही फिल्म घेण्याआधी प्रयोगशाळेत तपासून घ्यावी.

कंपोस्ट होणारा पाऊचही मागवून बघितला. हाताला छान लागतो, पण माझ्या मालासाठी नको. बाष्प आत शिरून काजू मऊ पडले. शिवाय ईएन १३४३२ हे युरोपीय मानक सहा महिन्यांत ९० टक्के विघटन मागतं, ते औद्योगिक कंपोस्टच्या साधारण ५८ अंशांच्या उष्णतेत. कुंडीतल्या मातीत ती उष्णता कुठून येणार? चहाच्या पिशव्या, फळांवरचे स्टिकर अशा ओल्या कचऱ्याबरोबरच जाणाऱ्या वस्तूंना कंपोस्ट होणारं प्लास्टिक शोभतं. युरोपीय संघाच्या नव्या पॅकेजिंग कायद्यानंही या दोन्ही वस्तू २०२८ पासून कंपोस्ट होणाऱ्याच असाव्यात असं ठरवलं आहे.

आतल्या थरात रीसायकल केलेलं पॉलिथिन घालून देतो, असंही एका पुरवठादारानं सुचवलं. मी नकार दिला. पीईटी बाटल्यांपासून अन्नाला चालणारं प्लास्टिक बनवण्याची पद्धत बसलेली आहे. पॉलिथिन मात्र वास आणि आधीच्या वापरातले पदार्थ सहज शोषून घेतं, त्यामुळे अन्नाला थेट लागणाऱ्या थरात ते घालणं अवघड आहे. बाहेरच्या खोक्यांच्या गुंडाळीसाठी हेच प्लास्टिक मी आनंदानं घेतलं.

युरोपीय संघाच्या त्याच पॅकेजिंग कायद्यानुसार २०३० पासून तिथलं सगळं पॅकेजिंग रीसायकल होण्याजोगं असावं लागणार आहे, आणि २०३५ पासून ते प्रत्यक्षात मोठ्या प्रमाणावर रीसायकल होत असल्याचंही दाखवावं लागेल. दुसरी अट मला जास्त महत्त्वाची वाटते. पाऊचवरच्या त्रिकोणातला ४ हा आकडा प्लास्टिकची जात सांगतो, ते कुणी गोळा करतं का हे नाही. म्हणून मालाबरोबरच्या चिठ्ठीवर ‘रिकामा करून, पुसून, पिशव्यांच्या प्लास्टिकबरोबर द्या, तुमच्याकडे ते गोळा होतं का ते आधी विचारा’ असं आम्ही छापतो.

छोट्या आणि मध्यम आकारासाठी पुढची ऑर्डर दिली आहे. एक किलोचा पाऊच मात्र अजून जुनाच ठेवला आहे, कारण पॉलिथिन पीईटीइतकं ताठ नसतं आणि भरलेला मोठा पाऊच फळीवर पुढे झुकतो. जास्त ताठ फिल्मचा नमुना मागवला आहे. तो नीट उभा राहिला की तोही बदलणार.