नायकी मॅक्सफ्लाय: पाय तयार असेल तरच

२०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये जमैकाच्या एलेन थॉम्पसन-हेराने १०.६१ सेकंदांत १०० मीटर जिंकली, तेव्हा तिच्या पायात मॅक्सफ्लाय होते, म्हणजे नायकीचे स्पाइक्स (तळाला टोकदार पिना असलेले धावण्याचे बूट). तेव्हापासून कॉलेजच्या संघात आलेल्या प्रत्येक मुलीला पहिल्याच मोसमात हेच हवे असतात. घाई करू नये. स्पाइक्स उत्तमच आहेत, पण ज्या पायासाठी ते बनवलेत तो पाय बहुतेकींचा दोन-तीन वर्षांनी तयार होतो.

तळात कार्बनची ताठ प्लेट आणि चवड्याखाली हवेची उशी, एवढाच मामला. साध्या प्लॅस्टिक प्लेटच्या स्पाइक्सपेक्षा चवडा उंचावर राहतो, पाऊल पडताच उशी दबते आणि परत ढकलते. याचा खरा फायदा शरीर सरळ झाल्यावर, म्हणजे शर्यतीच्या उत्तरार्धात. ब्लॉकमधून (सुरुवातीला पाय टेकवायच्या आधारातून) सुटताना पहिल्या तीन-चार पावलांत मात्र बोटं खूप वाकावी लागतात आणि ताठ प्लेट त्यालाच अडवते. घोटा कच्चा असेल तर टाच खाली बसते, पोटरी ओढली जाते आणि सुरुवातीला गेलेला वेळ शेवटी भरून निघत नाही.

घेण्याआधी एक चाचणी करावी. अनवाणी, एका पायावर, गुडघा जवळजवळ सरळ ठेवून चवड्यावर दहा छोट्या उड्या. टाच जमिनीला टेकली किंवा उडीगणिक आवाज जड होत गेला, तर साधे स्पाइक्स घ्या आणि वर्षभर पोटरीवर काम करा.

मापाची गोम वेगळीच. बरेच स्प्रिंट स्पाइक्स पुरुषांच्या अमेरिकन मापात येतात. महिलांच्या मापातून दीड वजा करायचं. तरी टाचेचा घेर पुरुषांच्या साच्यातलाच राहतो, आणि बारीक टाचेच्या मुलींना तिथेच त्रास होतो. लेस बांधून चवड्यावर उभं राहा: टाच आत सरकली तर वरच्या भोकातून लेसचा फास काढून बांधा, तरीही सरकली तर ती जोडी परत करा. २०० मीटरच्या वळणावर पाय आत घसरला की करंगळीखाली फोड ठरलेला. बोटांची टोकं पुढे हलकी टेकावीत, नखं दाबली जाऊ नयेत.

नव्या जोडीत थेट शर्यत नको. आधी आठवड्यातून एकदा, ३० मीटरच्या चार धावा. पोटरी दुसऱ्या दिवशी दगड झाली तर अंतर वाढवू नका. सराव साध्या जोडीत, ही जोडी फक्त वेगाच्या दिवसांसाठी.

पिनांकडे बहुतेकजणी दुर्लक्ष करतात. सिंथेटिक ट्रॅकवर ६ मिलिमीटर पुरतात. नियमाने ९ पर्यंत चालतात, एका बुटाला जास्तीत जास्त ११ पिना. लांब पिन रुतते आणि सुटायला वेळ घेते. पिन आधी बोटाने फिरवून आटे बसवावेत, मग पान्याने पाव फेरा. सुरुवातच पान्याने केली की आटे तिरके चढतात आणि ते भोक कायमचं गेलं. पावसानंतर पिना काढा, आटे जुन्या टूथब्रशने साफ करा, थेंबभर ग्रीस लावा. नाहीतर मोसमाच्या शेवटी गंजलेली पिन निघत नाही, डोकं मात्र गोल होतं.

पुढे एखाद्या बूट कंपनीशी व्यावसायिक करार झाला की निवडीचा प्रश्नच बदलतो. सेंट लुसियाच्या ज्युलियन अल्फ्रेडने २०२३ मध्ये टेक्सास विद्यापीठाकडून १०० आणि २०० मीटरची कॉलेज विजेतेपदं मिळवली, मग प्यूमाशी करार केला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०.७२ ला सुवर्ण जिंकलं. म्हणजे मॅक्सफ्लायशिवायही भागतं. कराराआधी त्या कंपनीचे स्पाइक्स पूर्ण ताकदीने पळून बघायला मागा. कंपनीने अजून बाजारात न आलेली जोडी दिली, तर ती वर्ल्ड ॲथलेटिक्सच्या (या खेळाच्या जागतिक संघटनेच्या) मंजूर यादीत आहे का ते पाहा. तळाची जाडी २० मिलिमीटरच्या वर चालत नाही, आणि विकासाधीन (अजून चाचणीत असलेली) म्हणून मंजूर झालेली जोडी ऑलिम्पिक किंवा जागतिक स्पर्धेत वापरता येत नाही.