मॉरिशसची खोली बुक करताना माझे ७१,१०० रुपये कसे गेले

आधी आकडा सांगते, कारण सगळे तोच विचारतात आणि मग तोंड वाकडं करतात. ७१,१०० रुपये. ३ जुलै २०२४ ला ९,०००, ८ जुलैला २५,२००, १५ जुलैला पुन्हा २५,२०० आणि २९ जुलैला ११,७००. चारही वेळा पिन मीच टाकला. कुणी ओटीपी चोरला नाही, फोन हॅक केला नाही. हे लिहायला मला पाच महिने लागले, आणि अजूनही घरात या विषयावर कुणी बोलायला लागलं की मी खोलीतून उठून जाते.

मी एका सेमिस्टरसाठी मॉरिशसला जाणार होते, ऑगस्ट ते डिसेंबर. कॉलेजने मेलवर कळवलं होतं की वसतिगृहात जागा नाही, राहण्याचा पत्ता जुलैअखेर कळवा. आईबाबांचं म्हणणं, मुलगी परक्या देशात एकटी उतरणार आणि मग घर शोधत फिरणार, हे चालायचं नाही. त्यामुळे आज जे लोक मला ऐकवतात की तिकडे जाऊन खोली बघायची होती, त्यांनी तेव्हा माझ्या घरी येऊन बाबांना हे सांगून दाखवायला हवं होतं.

नव्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने जाहिरात टाकली. रोझ हिलला स्टुडिओ फ्लॅट, मेट्रो स्टेशनपासून चालत सात मिनिटं, भाडं १४,००० मॉरिशस रुपये. आपल्या पैशात तेव्हा साधारण २५,२००. फोटो सुंदर, गच्चीतून डोंगर दिसतोय. भाडं फार स्वस्त असतं तर मला संशय आला असता, पण ते तसंही नव्हतं. ग्रुपवर इतर खोल्यांची जी भाडी येत होती त्याच्यापेक्षा जेमतेम हजारभराने कमी. हे लोक मूर्ख नसतात.

आणि तो मराठीत बोलला.

माझा घात इथे झाला. फोनवर पहिलंच वाक्य, ‘ताई, तुम्ही मराठी ना? मग काळजीच सोडा.’ त्याचे खापरपणजोबा रत्नागिरीहून जहाजाने गेले म्हणे, गिरमिटाच्या, म्हणजे करारावरच्या मजुरीच्या काळात. तुम्ही आलात की ते मजूर जिथे उतरले तो आप्रवासी घाट दाखवायला नेतो, गणपतीला घरी या, तिकडे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. यातली माहिती खरी आहे. मॉरिशसला १८३४ पासून मजूर गेले, त्यात कोकणातले मराठी लोक होते, सुट्टीही असते. खऱ्या गोष्टींच्या मध्ये एक खोटी गोष्ट ठेवली की ती दिसत नाही. आईने तर स्पीकरवर त्याच्याशी दहा मिनिटं गप्पा मारल्या आणि फोन ठेवल्यावर म्हणाली, ‘देवानेच माणूस भेटवला.’

तिथे गेल्यावर मला कळलं की मॉरिशसच्या मराठी घरांत रोजची बोली क्रिओल असते. मराठी असते ती शाळेत शिकलेली, आरतीतली, भजनातली. ज्या गेस्ट हाउसमध्ये मी नंतर नऊ रात्री काढल्या तिथल्या आजी मराठी होत्या. त्यांना ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ तोंडपाठ होतं, पण पाणी हवं का हे विचारायला क्रिओलच लागायचं. माझ्याशी फोनवर बोलणारा माणूस मात्र आपल्या कुठल्याही रिक्षा स्टँडवर ऐकू येईल अशी सफाईदार मराठी बोलत होता. दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा वंशज ‘ताई, टेन्शन घेऊ नका’ म्हणतो आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पैसे मागायची तऱ्हा तुम्हाला माहीतच असेल. आधी खोली अडवून ठेवायला थोडे, ५,००० मॉरिशस रुपये, भाड्यातून वळते होतील म्हणून. मग दुसरी एक मुलगी तयार आहे, तुमचं सांगा, म्हणून डिपॉझिट. मग पहिल्या महिन्याचं भाडं. शेवटी वीज-पाण्याच्या मीटरचे ६,५००. पैसे बँकेतून पाठवते म्हटलं तर म्हणाला, कशाला शुल्क भरता, आता मॉरिशसमध्ये यूपीआय चालतं. हेही खरंच होतं, फेब्रुवारी २०२४ मध्ये ते सुरू झाल्याची बातमी मी स्वतः वाचली होती. पण ती सोय आपल्याकडच्या प्रवाशाने तिकडच्या दुकानात क्यूआर स्कॅन करण्यासाठी आहे. तिकडच्या घरमालकाच्या खात्यात इथून घरबसल्या भाडं पाठवण्यासाठी नाही. मी बातमीचं शीर्षक वाचलं होतं, खालचा मजकूर नाही. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर एका बाईचं नाव आलं. विचारलं तर, बहीण आहे, ठाण्यात असते, तिच्या खात्यात टाका, आमचा घरातला हिशेब आहे. मी टाकले. बँकेतून परदेशी पैसे पाठवताना कोणाला, कशासाठी, कोणत्या खात्यात ते फॉर्मवर लिहून द्यावं लागतं. त्या कटकटीला मी कंटाळले होते आणि शुल्काचे दोनेक हजार वाचवायला निघाले होते. ती कटकटच तुम्हाला वाचवते. समोरचा ती टाळायला सांगतोय, याचा अर्थ त्याला स्वतःचं नाव कागदावर नको आहे.

आता १४ जुलैचं सांगते. रविवार होता. तोवर ३४,२०० गेले होते. मी हट्ट धरला की घराचा व्हिडिओ पाठवल्याशिवाय भाडं देणार नाही. मला वाटत होतं मी किती सावध आहे. अर्ध्या तासात व्हिडिओ आला, एक मिनिट दहा सेकंदांचा. पलंग, कपाट, न्हाणीघर, मग स्वयंपाकाचा ओटा. ओट्याच्या वर भिंतीवर स्विचबोर्ड. पांढरा, सहा बटणांचा, कडेला पंख्याचा रेग्युलेटर, आणि खाली आपला थ्री-पिन सॉकेट, गोल भोकांचा.

मॉरिशसमध्ये गोल भोकांचा थ्री-पिन नसतो. तिथे ब्रिटिश पद्धतीचे, चपट्या चौकोनी पिनांचे सॉकेट असतात, नाहीतर युरोपसारखे दोन पिनांचे. मला हे माहीत होतं. आदल्याच दिवशी मी ४५० रुपयांचा अडॅप्टर विकत आणला होता आणि तो त्या क्षणी माझ्या टेबलावर, फोनच्या शेजारी, प्लास्टिकच्या वेष्टनात पडला होता. मी व्हिडिओ थांबवला. सॉकेटकडे पाहिलं, अडॅप्टरकडे पाहिलं. पोटात काहीतरी हललं, खोटं कशाला सांगू. मी त्याला लिहिलं, ‘हा सॉकेट इंडियन कसा काय?’

सात-आठ मिनिटं उत्तर नाही. मग आलं, ‘ताई, मालकांनी खास इंडियावरून मागवून बसवलाय, इंडियन स्टुडंट्ससाठी. तुम्हाला अडॅप्टरची गरज नाही.’

आणि मला हायसं वाटलं. मी आईला सांगितलं की अडॅप्टर परत करू या. ती सात-आठ मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. तो तिकडे बसून काय सांगावं याचा विचार करत होता आणि मी इकडे त्याचं उत्तर पटावं म्हणून वाट बघत होते. तेव्हाच थांबले असते, तर पुढचे ३६,९०० वाचले असते. पण आधी दिलेले ३४,२०० डोळ्यांसमोर होते. संशय खरा मानला तर ते बुडाले असं मान्य करावं लागणार होतं, म्हणून मी संशयच खोटा मानला. दुसऱ्या दिवशी २५,२०० पाठवले. काही चुकतंय असं वाटलं की आधी गेलेले पैसे विसरा, त्यांच्यापायी पुढचे घालवू नका.

१० ऑगस्टला, शनिवारी, मी पोचले. विमानतळावरच्या फॉर्मवर तोच पत्ता लिहिला. टॅक्सीला १,५०० मॉरिशस रुपये दिले. पत्त्यावर इमारत होती, दुसरा मजला होता, गच्चीही तीच होती. दार उघडणाऱ्या बाई तिथे सतरा वर्षं राहत होत्या. त्या आधी फ्रेंचमध्ये बोलल्या, मला कळेना, मग मोडक्या हिंदीत म्हणाल्या, ‘तुम भी?’ जूनमध्ये एक मुलगा असाच बॅगा घेऊन आला होता. त्यांनी मला पाणी दिलं, जिन्यात खुर्ची आणून दिली. ऑगस्ट म्हणजे तिकडे हिवाळा, सहा वाजता अंधार झाला, बारीक पाऊस होता आणि मी सुती कपड्यांत दोन बॅगांवर हात ठेवून बसले होते. त्याचा फोन बंद. घरी फोन करायला मला पाऊण तास लागला, कारण काय सांगायचं तेच सुचत नव्हतं.

गेस्ट हाउसचे रोजचे १,६०० मॉरिशस रुपये, नऊ रात्रींचे १४,४००. हे २५,९२० भारतीय रुपये मी ७१,१०० मध्ये धरलेले नाहीत.

पैसे गेले याचा राग आहेच. त्यापुढे जे झालं त्याचा त्याहून जास्त आहे.

सोमवारी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या विभागात गेले. जूनमधल्या मुलाबद्दल विचारलं. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, हो, त्याने आम्हाला सांगितलं होतं. मग आम्हाला एक मेल का नाही केला? पत्ता कळवा म्हणून तीन मेल आले, आणि त्यात ‘न पाहिलेल्या घराचे पैसे भरू नका’ ही एक ओळ घालता आली नाही? त्यांनी मला खासगी घरांच्या व्यवहाराची जबाबदारी संस्थेची नाही, असं छापलेला कागद दिला.

तिथल्या पोलीस ठाण्यात जबाब लिहून घेतला आणि मग विचारलं, खातं कुठल्या देशातलं? भारतातलं. मग भारतात तक्रार करा. इकडे बाबा आमच्या पोलीस ठाण्यात गेले, तर घर कुठल्या देशातलं? मॉरिशसमधलं. मग तिकडे तक्रार करा. बाबांनी सांगितलं की १ जुलैपासून नवा कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, लागू झालाय, त्याच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी नोंदवून घ्यावा लागतो. त्यावर सिस्टीम बंद आहे, उद्या या. उद्या साहेब बंदोबस्तात. परवा अर्ज इंग्रजीत आहे, मराठीत आणा. चौथ्या खेपेला एकाने विचारलं, ‘एवढ्या लांब मुलीला एकटीला पाठवलंच कशाला?’ बाबा हे मला सांगणार नव्हते, आईने सांगितलं. चोर मोकळा, आणि जाब माझ्या बापाला विचारायचा. गुन्हा नोंदला गेला २ सप्टेंबरला.

बँकेने तर एका वाक्यात विषय संपवला: ग्राहकाने स्वतः पिन टाकून केलेला व्यवहार. मी कधी म्हटलं की मी पिन टाकला नाही? माझं म्हणणं एवढंच होतं की ज्या खात्यात पैसे गेले ते अजून चालू आहे, ते थांबवा. त्यासाठी पोलिसांचं पत्र हवं. पोलीस म्हणाले, बँकेकडून माहिती आली की पत्र देऊ.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर बाबांनी शनिवारी रात्रीच तक्रार नोंदवली होती. परदेशातून तो छोटा नंबर मला लागला नाही, म्हणून इकडच्या माणसाकडून करून घ्यावी लागली. तिथे पहिला प्रश्न होता, शेवटचा व्यवहार कधीचा? २९ जुलैचा. बारा दिवस झाले होते. पैसे खात्यातून पुढे सरकायच्या आत, तासा-दोन तासांत फोन केला तर ते रोखता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. शरमेपोटी वाट बघू नका, आधी फोन करा, मग रडा. व्यवहार क्रमांक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. त्याने चॅट पुसायच्या आत ती कुणाला तरी पाठवून ठेवा. मॉरिशसमध्ये असाल तर तिथल्या सरकारचं मॉकोर्स नावाचं सायबर तक्रारीचं पोर्टल आहे, तिथेही नोंद करा, कारण तो कागद इकडे दाखवता येतो.

खोली मला शेवटी कात्र बोर्नला मिळाली, एका सीनियर मुलीच्या ओळखीने, ९,५०० ला. मालकाने घर दाखवलं, करार केला, पैशाची पावती दिली. तुम्हाला जायचं असेल तर पहिल्या आठवड्याचं गेस्ट हाउस इथूनच बुक करा, तोच पत्ता फॉर्मवर लिहा आणि घर तिथे जाऊन घ्या. आईवडील नाही म्हणाले तर त्यांना हे वाचायला द्या. अगदीच आधी घ्यायचं असेल तर तिथे शिकत असलेल्या कुणालातरी त्या दारावर पाठवा. तिथे आपली मुलं आहेत, विचारलं तर जातात. मी विचारलं नाही, कारण मला वाटलं माझं काम झालंय.

ते खातं दुसऱ्या राज्यातल्या एका बाईचं निघालं. त्यात ३,४१२ रुपये उरले होते, ते गोठवले आहेत. ते मिळवायला न्यायालयाचा आदेश लागेल असं तेव्हा सांगण्यात आलं, आणि त्या अर्जाचे वकिलांनी ५,००० सांगितले.

आता जानेवारीत येणाऱ्या मुलांचा ग्रुप तयार झालाय. मला एका मुलीने तिथली जाहिरात पाठवली आणि विचारलं की हा भाग कसा आहे. रोझ हिल, तीच गच्ची, तोच डोंगर, भाडं १५,०००. व्हिडिओही तोच आहे. पलंग, कपाट, न्हाणीघर. फक्त आता तो पन्नास सेकंदांचा आहे, ओट्यापर्यंत येतच नाही.